मोठ्या कंपनीतली नोकरी: काय आवडतं, काय खुपतं?

अर्धविराम

मोठी कंपनी चांगली की लहान, हा वाद या धाग्यावर नको. तो पुष्कळ झालाय. हजारो माणसं पगारावर असलेल्या कंपनीत जे आहेत किंवा होते, त्यांनी तिथे नेमकं काय आवडलं आणि काय खुपलं ते सांगावं. "वातावरण चांगलं" किंवा "राजकारण फार" एवढ्यावर थांबू नका. वातावरण कशामुळे चांगलं होतं, राजकारण कोण करत होतं आणि कशासाठी, तेही लिहा. कंपनीचं नाव मात्र लिहू नका.

सुरुवात मी करते. मी यंत्रांच्या डिझाइनमध्ये आहे. आधी वीसेक माणसांच्या फर्ममध्ये होते, मग इथे आले.

आवडतं ते हे, की अडलं तर विचारायला माणूस असतो. बेअरिंगमधून विचित्र आवाज येतोय आणि कारण सापडत नाहीये, अशा वेळी सगळी नोकरी फक्त बेअरिंगवर घालवलेला कुणीतरी याच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीत बसलेला असतो. फोन केला की तो मनापासून तासभर बोलतो. जुन्या जागी डिझाइन मी करायचे, पुरवठादाराशी भांडण मीच करायचे आणि ड्रॉइंगवर सहीही माझीच असायची. शिकायला भरपूर मिळालं, पण माझ्या नजरेतून काही सुटलं तर ते पकडणारं मागे कुणीच नव्हतं. आता ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी आणखी दोघं ते तपासतात. रात्री झोप लागते.

खुपतं ते हे, की निर्णय कुठे होतो ते दिसत नाही. कित्येक महिने चाललेला प्रोजेक्ट एका सकाळी बंद होतो. कारण म्हणून मेलमध्ये एक ओळ असते, "प्राधान्यक्रम बदलले आहेत." कुणाचे बदलले, आमच्या कामात काही कमी होतं का, हे विचारायचं कुणाला? माझ्या मॅनेजरलाही ते त्याच मेलवरून कळलेलं असतं. काम बंद पडल्याचं वाईट वाटतं, ते ओसरतं. कारण कळलं नाही याचा सल मात्र राहतो.

दुसरीपाळी

ऑफिसवाल्यांचं पुढे येईलच, मी शॉपफ्लोअरवरचं लिहितो.

आवडीत पहिला नंबर सुरक्षिततेचा. गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं संरक्षक झाकण, काढून प्रेस चालव असं इथे कुणी सांगत नाही. सांगितलंच तर मी नाही म्हणू शकतो, आणि त्या नाहीची नोंद होते. लहान वर्कशॉपमध्ये मालक शेजारी उभा राहून म्हणायचा, "एवढा लॉट काढ, गार्ड मग बसवू." माणूस वाईट नव्हता. सकाळी माल पोचवायचा असायचा, आणि उशीर झाला तर ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नव्हतं. पण बोटं माझी होती.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोरी ओढून दोष दाखवता येतो, आणि तो वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते. ही अँडॉनची पद्धत पुढे बऱ्याच कारखान्यांनी उचलली. आमच्याकडे दोरीच्या जागी बटण आहे. मी ते दाबलंय. लाइन लीडर धावत आला आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "काय दिसलं?" "कुणी थांबवलं?" असं विचारलं नाही. हे ज्याने आधीच्या पद्धतीत काम केलंय त्यालाच कळेल.

नावडतं ते एकाच लाइनवर दोन रंगांची ओळखपत्रं. माझ्या शेजारचा गडी कंत्राटी आहे. तेच मशीन, तोच टॉर्क, तेच टार्गेट. पण त्याचा बोनस वेगळा, रजा वेगळी, आणि ऑर्डर कमी झाल्या की पहिल्यांदा घरी जाणार तो. मला गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, धरायला त्यानेच शिकवलं. कंपनी "आपण सगळे एक कुटुंब" असे फलक लावते आणि त्या कुटुंबाच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. मला याची चीड येते, आणि माझी नोकरी पक्की आहे म्हणून ती चीड कमी होत नाही.

निळीशाई

@दुसरीपाळी, तुम्ही लिहिलंत ते मला माझ्या टेबलावरून दिसतं. मी अकाउंट्समध्ये आहे. साफसफाई, पहारा, ग्राहकांचे फोन घेणं, हे सगळे लोक एजन्सीचे. पगाराच्या खात्यात ते कधी येतच नाहीत, 'सेवाखर्च' म्हणून एका रकमेत येतात. खर्चकपात ठरते तेव्हा ती रक्कम कमी होते. किती घरांवर त्याचा परिणाम झाला ते त्या ओळीत कुठेच वाचता येत नाही.

आता माझं. सगळ्यांत आवडतं ते हे, की कुणाचे उपकार न घेता रजा मिळते. आईच्या आजारपणात मी बरेच आठवडे घरी होते. अर्ज टाकला, शिल्लक रजा वजा झाली, मंजुरी आली. परत आल्यावर कुणी ऐकवलं नाही. त्याआधीच्या लहान ऑफिसात मालकांनी अशीच रजा दिली होती, तीही मोठ्या मनाने. पण नंतर पगारवाढीचा विषय काढला की ती रजा निघायची. मोठ्या कंपनीत हक्क कागदावर असतो, म्हणून मान वर ठेवून मागता येतो.

आणि खुपतं तेही याच कागदामुळे. मला दुसरा मॉनिटर हवा होता, तर पाच जणांच्या मंजुऱ्या लागल्या. त्यातल्या दोघांनी मला कधी पाहिलेलंही नाही. त्या पाच जणांचा गेलेला वेळ पैशात मोजला तर मॉनिटरपेक्षा महाग पडला असेल.

१९३७ मध्ये रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने एक साधा प्रश्न विचारला होता: बाजारात सगळं विकत मिळतं, तर मग कंपन्या असतात कशाला? त्याचं उत्तर असं, की बाजारातही खर्च असतो. माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा. हे सगळं दर वेळी करण्यापेक्षा माणसं पगारावर ठेवलेली परवडतात. पण आतल्या आत काम करून घेण्यालाही खर्च येतो आणि कंपनी वाढते तसा तो वाढतो. दोन्ही खर्च सारखे झाले की तिथे कंपनीची वाढ थांबते, असं त्याचं म्हणणं. पुढे १९९१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माझ्या टेबलावरून पाहिलं तर आमची कंपनी ती रेषा केव्हाच ओलांडून गेली आहे.

सरळरेषा

मी दहा-बारा जणांची सॉफ्टवेअर टीम सांभाळतो. मधल्या फळीतल्या मॅनेजरला काय वाटतं हेही इथे यावं म्हणून लिहितोय.

मला सगळ्यांत जास्त खुपतं ते अप्रेझल, म्हणजे वर्षाअखेरचं कामाचं मूल्यमापन. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिथले प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० अशी विभागणी रूढ केली, आणि खालच्या दहा टक्क्यांनी बाहेर पडावं अशी अपेक्षा ठेवली. पुष्कळ कंपन्यांनी ते घेतलं. मायक्रोसॉफ्टने आपली अशीच क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. तरी ठरलेल्या टक्क्यांत माणसं बसवण्याची सवय सगळीकडून गेलेली नाही. चांगली माणसं निवडून टीम बांधायची आणि वर्षाअखेरीस त्यातल्या एकाला 'अपेक्षेपेक्षा कमी' म्हणायचं. का, तर तक्त्यातला तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

ते कसं घडतं तेही सांगतो. आठ-दहा मॅनेजर एका खोलीत बसतात आणि सगळ्या टीमची माणसं एकाच यादीत लावतात. प्रत्येक जण आपल्या माणसांसाठी बोलतो. तिथे कामाइतकीच ओळख चालते. ज्याचं नाव इतर मॅनेजरांनी ऐकलंय, तो टिकतो. ज्याचं नाव घेतल्यावर खोलीत शांतता पसरते, तो खाली सरकतो. माझ्याकडची एक मुलगी रात्री-बेरात्री सर्व्हर बंद पडू नयेत म्हणून वर्षभर, बिघाड होण्याआधीच, दुरुस्त्या करत होती. सर्व्हर बंद पडले नाहीत, त्यामुळे तिचं नाव कुणी ऐकलं नाही. शेजारच्या टीममध्ये मोठा घोटाळा झाला, तो निस्तरणारा मात्र सगळ्यांना ठाऊक होता. मी दोन तास भांडलो तेव्हा ती मधल्या गटात राहिली. तिची जागा खरं तर वर होती.

हे सगळं असून मी इथे का राहतो? कारण मी केलेला बदल कोट्यवधी लोकांच्या फोनवर जातो. एक बटण वापरायला सोपं झालं तर तेवढ्या लोकांचे काही क्षण रोज वाचतात. हे समाधान मला लहान ठिकाणी मिळालेलं नाही.

मधलीसुट्टी

सर, मी नवीन आहे, पहिलीच नोकरी. म्हणजे काम करण्यापेक्षा दिसणं महत्त्वाचं, असंच ना? मला पुढे पुढे करायला जमत नाही.

सरळरेषा

पुढे पुढे करायची गरज नाही, लिहून ठेवायची आहे. महिन्याला चार-पाच ओळी: काय केलं, त्यामुळे काय टळलं किंवा काय सुधारलं, आणि शक्य तिथे आकडा. ते मॅनेजरला पाठव. त्या खोलीत तू नसतोस, तुझा मॅनेजर असतो, आणि अकरा महिन्यांपूर्वीचं त्याला आठवत नाही. त्याच्या हातात कागद असेल तर तो भांडू शकतो. त्या मुलीसाठी मी भांडू शकलो ते तिने बंद न पडलेल्या सर्व्हरचाही हिशेब ठेवला होता म्हणून.

पानगळ

निवृत्त आहे. बरीच वर्षं कार्मिक विभागात काढली, तुमच्या भाषेत एचआर.

राजीनामा देणाऱ्यांशी शेवटचं बोलणं हे माझं काम होतं. फॉर्मवर बहुतेक जण 'चांगली संधी' लिहायचे. खुर्ची मागे सरकवून उठताना खरं बोलायचे, आणि ते बहुधा थेट वरच्या साहेबाबद्दल असायचं. कंपनी मोठी असो वा लहान, माणूस दिवसभर वावरतो तो सात-आठ जणांत. त्या सात-आठ जणांत जीव रमत असेल तर तो वरचा कितीतरी गोंधळ सहन करतो.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा १९५९ चा अभ्यास आमच्या पिढीने घोकलेला. त्यांनी सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनीस लोकांना विचारलं, की कामात फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. बरं वाटण्याच्या गोष्टींत काहीतरी साधल्याचा आनंद, कौतुक, प्रत्यक्ष काम आणि जबाबदारी हे आलं. वाईट वाटण्याच्या गोष्टींत कंपनीची धोरणं आणि कारभार सगळ्यांत वर, त्याखालोखाल वरिष्ठांची देखरेख. म्हणजे नावड आणि आवड एकाच तराजूच्या दोन बाजू नाहीत. कारभार सुधारला तर तक्रार थांबते, पण तेवढ्याने उमेद येत नाही.

यावर आक्षेपही घेतला गेला: चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट घडलं की दोष कंपनीला. आक्षेपात तथ्य आहे. तरीही या धाग्यावर आतापर्यंत जे आलंय ते पाहा. आवडलेल्यात निम्म्या गोष्टी कंपनीच्या कारभाराने दिलेल्या आहेत: रजा, गार्ड, तपासणी. हर्झबर्गच्या यादीत त्या इतक्या वर नाहीत. मला वाटतं, ज्यांनी कारभार नसलेली जागा पाहिलीय त्यांनाच त्याची किंमत कळते.

निळीशाई

@पानगळ काका, मग एक स्पष्ट विचारते. एचआर कुणाच्या बाजूने असतं? आमच्या ऑफिसात एका वरिष्ठाविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा पहिले काही आठवडे तक्रार करणारीलाच "जरा समजून घ्या" सांगण्यात गेले.

पानगळ

स्पष्टच सांगतो. एचआरचा पगार कंपनी देते आणि कंपनीवर बालंट येऊ न देणं हे त्याचं काम असतं. तिथली माणसं सज्जन असतात, मीही मनापासून काम केलं, पण तक्रार करणाऱ्याने ही गोष्ट धरूनच चालावं. म्हणून तक्रार तोंडी करू नका. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार, सगळं लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार दाबणं कंपनीच्या सोयीचं असतं. लेखी तक्रार दाबणं कंपनीलाच धोक्याचं होतं, आणि मग तीच यंत्रणा तुमच्या बाजूने हलायला लागते.

मोठ्या कंपनीचा फायदा एवढाच, की चौकशीला बसणारी माणसं आरोपीच्या घरातली नसण्याची शक्यता जास्त असते. लहान जागी तक्रार मालकाच्या भावाविरुद्ध असली तर ती ऐकणारा मालकच. तुमच्या सहकारी बाईंचं पुढे काय झालं?

निळीशाई

लेखी दिल्यावर समिती बसली. त्या वरिष्ठांना जावं लागलं. पण ती बाईही नंतर सहा-आठ महिन्यांत सोडून गेली. जेवणाच्या टेबलावर तिच्याशेजारी बसणारे कमी झाले होते. ते कुठल्या समितीला सुधारता येणार?

पुनरागमन

मी मोठी कंपनी सोडून लहान स्टार्टअपमध्ये गेलो आणि परत मोठीत आलो.

सोडलं ते एका कारणाने: माझ्या कामाचा परिणाम मला दिसत नव्हता. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, ते निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या निम्म्यावर आला. काही भाग एकमेकांशी ताल न जुळण्याचा, काही आपोआप हात सैल पडण्याचा. आमच्या मीटिंगमध्ये तीस जण असायचे. मी हात सैल सोडत होतो असं नाही, पण मी पूर्ण जोर लावला काय आणि नाही काय, दोर तेवढाच सरकायचा. उमेदीच्या माणसाला हे फार लागतं.

परत आलो ते पगारासाठी, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. मोठ्या संस्था त्याच कामाला जास्त पगार देतात हे अर्थशास्त्रात जुनं निरीक्षण आहे. ब्राउन आणि मेडॉफ या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये त्याची कारणं तपासली. कामगार जास्त कुशल असतात, कामाची परिस्थिती जास्त त्रासाची असते, युनियनची भीती असते, अशी एकेक कारणं लावून पाहिली, तरी बराचसा फरक शिल्लकच राहिला. घरात शिकणारी मुलं आणि म्हातारी माणसं असताना तो फरक नाकारणं परवडत नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र कुणी भ्रमात राहू नये. लहान कंपनी बुडताना महिनाभर आधी दिसते, मालकाचा चेहरा सांगतो. मोठी कंपनी विक्रमी नफा जाहीर करते आणि त्याच तिमाहीत हजारो माणसं कमी करू शकते. माझ्या एका सहकाऱ्याला सकाळी लॉगिन होईना म्हणून त्याने हेल्पडेस्कला फोन केला. नोकरी गेल्याचं तिथून कळलं. चांगलं काम करत होता, पण त्याचा विभागच यादीत होता. कपात करायची वेळ कधी येते हे मी समजू शकतो. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला समोर बसवून सांगायला वेळ नसतो, हे मी कधीच मान्य करणार नाही.

अर्धविराम

@पुनरागमन, शेवटचं वाचून थांबले. माझ्या पहिल्या पोस्टमधली "प्राधान्यक्रम बदलले" ही ओळ आणि ते बंद झालेलं लॉगिन एकाच ठिकाणाहून येतात. ठरवणारा आणि भोगणारा यांच्यामध्ये इतके मजले असतात, की ठरवणाऱ्याला चेहरा दिसत नाही. निळीशाईला आईच्या आजारपणात रजा मिळाली तीही चेहरा न पाहता, आणि ते तिच्या भल्याचं ठरलं. नियम चेहरा पाहत नाही तिथे न्याय मिळतो. निर्णय चेहरा पाहत नाही तिथे माणूस दुखावतो. मला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात: रजा, पगार, सुरक्षा, चौकशी हे नियमाने व्हावं. प्रोजेक्ट बंद करणं, माणूस कमी करणं, गुण देणं हे समोर बसून, कारण सांगून व्हावं. मोठ्या कंपनीला हे अशक्य नाही. प्रत्येक मजल्यावरच्या माणसाने खालच्या दहा जणांना खरं कारण सांगायचं, एवढंच लागतं, आणि त्यासाठी आधी त्याला वरून खरं कारण मिळालं पाहिजे.

मोठेपणामुळे काय साधतं आणि काय हातचं जातं, याची दोन उदाहरणं माझ्या क्षेत्राजवळची आहेत. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये झाला. लगेच विक्रीची घाई नसलेलं संशोधन पोसायला तेवढी मोठी टेलिफोन कंपनी मागे होती. आणि कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा करून दाखवला होता, पण फिल्म विकून चालणाऱ्या कंपनीने त्यावर सगळी भिस्त ठेवायला फार उशीर केला. २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. आत बसलेल्या माणसाला आधी दिसलेलं असतं. ते वरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचतं तेव्हा ऐकणं कुणाच्या सोयीचं नसतं. माझ्यासारख्यांना नोकरीत सगळ्यांत जास्त पोखरतं ते हे.

दुसरीपाळी

@अर्धविराम, पटलं. फक्त एक जोडतो. नियम चेहरा पाहत नाही म्हणालात, पण तो ओळखपत्राचा रंग पाहतो. जोवर तो रंग पाहतो तोवर न्याय अर्धाच.

अर्धविराम

मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुम्ही ते पुन्हा आणलंत हे बरं केलंत.

मधलीसुट्टी

सगळं वाचतोय. माझा प्रश्न विचारू का? माझा मॅनेजर मागच्या वर्षभरात दोनदा बदलला, आताचे साहेब मला ओळखतही नाहीत. कामही आवडेनासं झालंय. कंपनी सोडावी असं मनात आहे. आतल्याच दुसऱ्या टीममध्ये जागा निघाली आहे, पण तिथे जाऊनही हेच असलं तर?

पानगळ

सोडण्याआधी ती टीम पाहा. मोठ्या कंपनीची ही सोय लोक वापरत नाहीत: नोकरी न सोडता साहेब बदलता येतो. रजा, ज्येष्ठता, ओळखी जागच्या जागी राहतात. फक्त आताच्या साहेबांना बाहेरून कळू देऊ नका, तुम्हीच आधी जाऊन सांगा.

निळीशाई

आणि लेखी घे. जागा, ग्रेड, पगार, कधीपासून. "आपलंच आहे, बघू नंतर" असं आतल्या बदलीत फार वेळा ऐकू येतं, आणि मग पगारवाढीचं चक्र हुकतं.

मधलीसुट्टी

मंगळवारी त्या टीममधल्या दोघांना भेटतोय. साहेबांबद्दल थेट कसं विचारू?

सरळरेषा

थेट विचारलंस तर सगळे "छान आहेत" म्हणतील. त्यापेक्षा विचार, की शेवटचं काम बंद पडलं तेव्हा तुम्हाला कुणी आणि कसं सांगितलं. मग विचार, गेल्या वर्षभरात टीममधून कोण गेलं, आणि गेलेल्यांशी अजून बोलणं आहे का. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात तेही बघ. झालं की इथे लिही, मग बदलीचा अर्ज कसा लिहायचा ते पाहू.